अंथरूण पाहून तिकीट काढावे : गोव्याहून देशांतर्गत विमानप्रवासात लाय-फ्लॅट सीट कशी शोधावी

पेडण्याच्या माझ्या मामांची कमरेतली चकती सरकली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या तज्ज्ञांकडे विमानाने जाण्याची परवानगी दिली, पण फार वेळ ताठ बसायचे नाही आणि जमेल तेव्हा आडवे व्हायचे, अशी अटही घातली. मी भाच्याच्या अधिकाराने पुढाकार घेतला, बिझनेस क्लासची दोन तिकिटे काढली आणि मोठ्या तोऱ्यात जाहीर केले की मामा, तुम्ही झोपूनच जाल. विमानात शिरल्यावर मामांनी सीटचे बटण दाबले, पाठ हातभरही मागे गेली नाही, पायाखालची फळी थोडी वर आली आणि तिथेच थांबली. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "अरे, ही तर पुण्याच्या व्हॉल्व्होची खुर्ची. पलंग कुठे आहे?"

चूक विमान कंपनीची नव्हती. तिकिटावर कुठेही पलंगाचे नाव नव्हते. बिझनेस क्लास म्हटले की झोपायची सोय असणारच, हे मी परदेशी जाहिराती पाहून स्वतःच ठरवून टाकले होते. त्यानंतर घरातल्या आणि शेजारच्या अनेकांची तिकिटे काढताना जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो आहे. गोव्यातून निघणाऱ्या प्रवाशाला हे जरा अधिक काळजीने समजून घ्यावे लागते, कारण गोव्याहून सुटणाऱ्या देशांतर्गत विमानांत अशी सीट सहसा नसतेच.

सीट आणि पलंग यांतला फरक

बिझनेस क्लासच्या सीटचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला रिक्लायनर, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, पुढे भरपूर जागा असलेली आणि काही इंच मागे झुकणारी खुर्ची. दुसरा प्रकार अँगल्ड फ्लॅट. ही सीट सरळ रेषेत येते खरी, पण जमिनीशी समांतर न राहता उतरती राहते, त्यामुळे झोपलेला माणूस हळूहळू पायांकडे घसरत जातो. हा प्रकार आता मागे पडला आहे. तिसरा खरा लाय-फ्लॅट, जो जमिनीला समांतर होतो आणि साधारण सव्वासहा फुटांचा बिछाना तयार करतो. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये असा सपाट बिछाना आणला आणि पुढे लांब पल्ल्याच्या विमानांत तोच रिवाज झाला.

लांब पल्ल्यावर ही सोय परवडते आणि आखूड पल्ल्यावर परवडत नाही, याचे कारण साध्या मापांत आहे. इकॉनॉमीच्या दोन रांगांमधले अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते साधारण २८ ते ३० इंच असते. देशांतर्गत रिक्लायनरला ४० इंचांच्या आसपास जागा लागते. माणूस आडवा करायचा तर त्याच्या उंचीइतकी जमीन कुठून तरी काढावीच लागते, मग ती पुढच्या सीटच्या बाजूच्या कप्प्यात पाय सरकवून काढा किंवा दोन रांगा लांब ठेवून काढा. मुंबई-गोवा फेऱ्या मारणाऱ्या विमानात तेवढ्या जागेत इकॉनॉमीचे बरेच जास्त प्रवासी बसतात आणि सव्वा तासाच्या प्रवासासाठी पलंगाचे भाडे मोजणारे फारसे मिळत नाहीत. कंपन्यांचा हा हिशेब मला तरी चुकीचा वाटत नाही.

कोणत्या विमानात काय मिळते

एअर इंडियाच्या ए३२०निओ विमानात पुढे बिझनेसच्या ८ सीट असतात, २-२ अशा दोन रांगांत. पिच ४० इंच, झुकाव सुमारे ७ इंच. त्यामागे प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२ सीट येतात. गोव्याच्या प्रवाशाची गाठ बहुधा याच जातीच्या विमानाशी पडते. सीट आरामदायी आहे, पाय मोकळे राहतात, पण ती खुर्चीच आहे. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या काही बोइंग ७३७ विमानांत पुढे ज्या बिझनेसच्या सीट आहेत, त्याही रिक्लायनरच आहेत. अकासामध्ये तर वेगळा बिझनेस वर्गच नाही.

याला लक्षात ठेवण्यासारखा अपवाद म्हणजे विस्तारा या विमान कंपनीची ए३२१निओ विमाने. एकाच मधल्या वाटेच्या या अरुंद विमानात विस्ताराने बिझनेसच्या १२ सीट ठेवल्या आणि त्या पूर्ण सपाट होणाऱ्या ठेवल्या. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ही विमाने एअर इंडियाकडे आली. पण इथेच एक सापळा आहे. त्याच महिन्यात इंडिगोने दिल्ली-मुंबई मार्गावर स्ट्रेच नावाचा वर्ग सुरू केला, आणि त्यातही ए३२१ विमानात २-२ मांडणीच्या बरोबर १२ सीट आहेत. सीटचा नकाशा उघडला तर दोन्हीकडे तीन रांगा आणि चार-चार चौकोन दिसतात. एकीकडे बिछाना होतो. दुसरीकडे ३८ इंच पिचची, ५ इंच मागे झुकणारी, रुंद पण बसायचीच सीट मिळते. चौकोन मोजून पलंग आहे असे समजू नये.

रुंद विमानांची, म्हणजे दोन वाटा असलेल्या वाइड-बॉडीची गोष्ट वेगळी. एअर इंडिया आपली लांब पल्ल्याची विमाने मधूनमधून दिल्ली, मुंबई, बंगळुरू यांसारख्या मोठ्या शहरांमध्येही उडवते. कधी वैमानिक आणि कर्मचाऱ्यांना नव्या विमानाची सवय व्हावी म्हणून, कधी विमान एका तळावरून दुसऱ्या तळावर न्यायचेच असते म्हणून. ए३५० हे विमान तर २२ जानेवारी २०२४ रोजी प्रवासी सेवेत आले तेच देशांतर्गत मार्गावर. त्यात बिझनेसच्या २८ सीट १-२-१ अशा मांडणीत आहेत, प्रत्येकीला सरकते दार आहे आणि प्रत्येक प्रवाशाला थेट वाटेवर उतरता येते. एअर इंडियाकडे आलेली पहिली ए३५० विमाने मुळात रशियाच्या एरोफ्लोतसाठी बांधली जात होती, त्यामुळे त्या सीटची घडण आपल्याकडच्या इतर विमानांपेक्षा वेगळी का दिसते, हे कोडे सुटते. विस्ताराकडून आलेल्या बोइंग ७८७-९ मध्ये ३० सीट, त्याही १-२-१. एअर इंडियाच्या मूळच्या ७८७-८ मध्ये २-२-२ अशा १८, आणि जुन्या ७७७-३००ईआर मध्ये २-३-२ अशा ३५. या सगळ्या सपाट होतात. ७८७-८ विमाने जुलै २०२५ पासून एकामागून एक अंतर्गत नूतनीकरणासाठी अमेरिकेला जाऊ लागली आहेत, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या जातीत जुनी आणि नवी अशी दोन्ही दालने असू शकतात.

वाइड-बॉडी म्हणजे पलंग, असेही डोळे मिटून धरू नये. इंडिगोने नॉर्स या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७-९ विमानांत पुढच्या ५६ सीट रुंद असल्या तरी झुकणाऱ्याच आहेत.

तिकीट काढण्याआधी विमान कसे ओळखावे

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. इथे अंथरूण पाहायचे तर आधी विमान पाहावे लागते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तारीख टाकून यादी आली की प्रत्येक उड्डाणाखाली तपशिलाचा दुवा असतो, तो उघडावा. तिथे विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. गुगल फ्लाइट्सवरही तो दिसतो. काही ठिकाणी पूर्ण नावाऐवजी तीन अक्षरांचा सांकेतिक शब्द असतो: ३२एन म्हणजे ए३२०निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१निओ, ७८८ आणि ७८९ म्हणजे ७८७ च्या दोन जाती, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर आणि ३५९ म्हणजे ए३५०-९००. हे एवढे सहा संकेत एका चिठ्ठीवर लिहून ठेवले तरी निम्मे काम होते.

दुसरी पायरी सीटच्या नकाशाची. पैसे भरण्याआधी बहुतेक ठिकाणी सीट निवडीचे पान पाहता येते. पुढच्या भागात फक्त दोन रांगा आणि आठ चौकोन दिसले, तर तिथे पलंगाचा विचार सोडून द्यावा. दोन वाटा दिसल्या तर आशा धरावी. एरोलोपा या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक जातीच्या विमानाचे मापाबरहुकूम आराखडे असतात. आपल्याला दिसलेला नकाशा त्यांतल्या कोणत्या आराखड्याशी जुळतो हे पाहिले की शंका उरत नाही.

तिसरी पायरी मी कधीच गाळत नाही. फ्लाइटरडार२४ वर उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत त्या क्रमांकाने कोणते विमान उडाले ते दिसते. वेळापत्रकात ७८८ लिहिलेले असेल आणि गेल्या सात दिवसांत पाच वेळा ए३२० आलेले असेल, तर वेळापत्रकापेक्षा या नोंदीवर विश्वास ठेवावा. तिकीट काढल्यावरही प्रवासाच्या तीन दिवस आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी हीच तपासणी करावी, कारण देशांतर्गत फेरीवरचे वाइड-बॉडी विमान हे पाहुण्यासारखे असते. परदेशी फेरीवरचे एखादे विमान बिघडले की आधी यालाच उचलून तिकडे नेतात.

इथे एक नियम नीट समजून घ्यायला हवा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, तरतुदीनुसार, प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध त्याला तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. परंतु लाय-फ्लॅटच्या जागी रिक्लायनर आला, तर वर्ग बिझनेसचाच राहतो; त्याला खालचा वर्ग म्हणत नाहीत. त्यामुळे विमान बदलले म्हणून ही भरपाई मागता येत नाही. अशा वेळी कॉल सेंटरला फोन करून, विमानाचा प्रकार बदलला आहे असे सांगून, दुसऱ्या उड्डाणावर विनाशुल्क बदल मिळतो का, हे सौम्य शब्दांत विचारावे. कधी मिळतो, कधी नाही. तुम्हाला खरोखरच बिझनेसमधून इकॉनॉमीत बसवले आणि पैसे अडकले, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी मूळ तिकीट आणि बोर्डिंग पास दोन्ही जपून ठेवावेत.

मिनिटांचा हिशेब

पैसे भरण्याआधी कागदावर एक वजाबाकी करावी, असा माझा आग्रह असतो. टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी सीट पूर्ण ताठ असावी लागते, समोरचे टेबल मिटलेले आणि खिडकीची झडप उघडी असावी लागते. यात बिझनेस क्लासला सवलत नाही. वेळापत्रकात दिलेला वेळ हा विमान गेटवरून हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यातून जमिनीवरची वीस-पंचवीस मिनिटे, वर चढतानाची दहा-पंधरा आणि उतरतानाची वीस-पंचवीस मिनिटे वजा करावीत.

गोवा-मुंबई वेळापत्रकात सव्वा तासाचे आहे. वजाबाकी केल्यावर हाती दहा ते पंचवीस मिनिटे उरतात आणि त्यांतच जेवणाचा ट्रे येतो. इथे पलंग मिळाला तरी तो उघडून मिटण्यातच वेळ जाईल. गोवा-दिल्ली सुमारे दीड हजार किलोमीटर, अडीच ते पावणेतीन तास. त्यात दीड तासाची निवांत झोप बसते, पण तिथे सहसा ए३२० जातीचीच विमाने असतात. मुंबई-दिल्लीत सव्वा तास हाती लागतो. दिल्ली-बंगळुरूत त्याहून जास्त.

मग एखाद्याला वाटेल की गोव्याहून मुंबईला जावे आणि तिथून दिल्लीचे वाइड-बॉडी पकडावे. मला हा बेत पटत नाही. सव्वा तासाच्या झोपेसाठी अडीच तासांचा प्रवास पाच-सहा तासांचा होतो, मधे सामान, सुरक्षा तपासणी आणि लांबलचक चाल येते, आणि दुखऱ्या कमरेला त्या चालीचाच जास्त त्रास होतो. मुंबईत एक-दोन दिवसांचे काम असेलच, किंवा दिल्लीहून पुढे तिसऱ्या गावी जायचे असेल, तरच अशी जोडणी करावी. जोडणी केलीच तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असावेत. म्हणजे सामान शेवटपर्यंत जाते आणि पहिले विमान उशिरा पोचले तर पुढची सोय करणे कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे काढली तर मुंबईत कोणत्या टर्मिनलवर उतरतो आणि कोणत्या टर्मिनलवरून निघतो, हे आधी पाहावे. टी१ वरून टी२ ला जायचे तर टर्मिनलबाहेर पडावे लागते.

मुंबईपर्यंत खरोखरच आडवे होऊन जायचे असेल, तर मी आता सरळ कोकणकन्येचे नाव सांगतो. मडगाव किंवा थिवीला संध्याकाळी चढायचे, वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ घ्यायचा, रात्रभर पाठ टेकवायची आणि पहाटे मुंबई गाठायची. मामांची दुसरी मुंबई फेरी आम्ही अशीच केली. त्यांनी चादर अंगावर ओढून घेताना जो सुस्कारा सोडला, तो बिझनेस क्लासमध्ये ऐकायला मिळाला नव्हता.

पैसे कुठे वाचतात, कुठे जातात

बिझनेसच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो, इकॉनॉमीवर ५ टक्के. भाड्यातला फरक पाहताना हा करातला फरकही धरावा. इकॉनॉमीचे तिकीट काढून पुढे श्रेणीवाढ घेणे अनेकदा स्वस्त पडते. प्रवासाच्या काही दिवस आधी बोली लावण्याचे निमंत्रण ईमेलवर येते किंवा वेब चेक-इनच्या वेळी ठरावीक रक्कम दाखवली जाते. एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे पॉइंटही वापरता येतात. मात्र बोली लावण्याआधी पुन्हा विमान पाहावे. आठ सीटच्या रिक्लायनरसाठी आणि सपाट बिछान्यासाठी बोलीचे पान अगदी सारखेच दिसते.

हेतू फक्त पाय मोकळे ठेवण्याचा असेल, तर इकॉनॉमीतली पहिली रांग किंवा प्रीमियम इकॉनॉमी पुरते. काही कंपन्या एकाच प्रवाशाला शेजारची सीटही विकतात. आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत जागा भरपूर असते, पण ती रांग आजारी माणसाला, गरोदर स्त्रीला किंवा लहान मुलाला देत नाहीत.

सीट निवडताना

१-२-१ मांडणीत एकट्याने खिडकीची सीट घ्यावी आणि जोडप्याने मधली जोडी घ्यावी. विचार करण्याजोगे फारसे काही नाही. खरी पंचाईत २-२-२ मध्ये होते. वाटेकडचा प्रवासी सपाट झोपला की खिडकीकडच्या माणसाला त्याच्या पायांवरून ढांग टाकून बाहेर यावे लागते, आणि पंचाहत्तरीच्या माणसाकडून ती टाकली जात नाही. म्हणून वयस्कर व्यक्तीला मधल्या जोडीत बसवावे; तिथल्या दोघांनाही आपापल्या बाजूची वाट मिळते. २-३-२ मध्ये तिघांच्या मधोमधची सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये. सगळ्यात पुढची रांग पायांना ऐसपैस असते, पण तान्ह्या बाळाचा पाळणा तिथेच लावतात आणि स्वयंपाककक्षाचा खडखडाट तिथेच ऐकू येतो. एखादी-दुसरी रांग मागे सरकलेले बरे.

आजारी माणसासाठी

माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक रुग्णासाठीच विचारायला येतात, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो. लाय-फ्लॅट सीट म्हणजे स्ट्रेचर नव्हे. जी व्यक्ती टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी पट्टा बांधून ताठ बसू शकत नाही, तिला ही सीट चालत नाही. तिच्यासाठी इकॉनॉमीच्या अनेक सीट आडव्या करून लावलेल्या स्ट्रेचरची वेगळी मागणी करावी लागते, तिचे भाडेही त्या सीटच्या हिशेबाने लागते आणि बरोबर सोबती असावा लागतो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मेडिफ नावाचा अर्ज उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून घेऊन कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडे आधीच पाठवावा. तो अर्ज विमानतळावर ऐन वेळी भरायचा म्हटले तर विमान निघून जाण्याचीच शक्यता जास्त. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी आणि विमानाच्या दारापर्यंत हवी की सीटपर्यंत, हेही सांगावे, कारण दोन्हींची नोंद वेगळी होते.

ज्याला बसता येते पण फार वेळ बसवत नाही, अशा मामांसारख्या माणसाला मात्र ही सीट खरोखर उपयोगी पडते.

विमानात बसल्यावर

मुंबई-दिल्लीचा योग शेवटी आला, आणि या वेळी मी तीनदा तपासलेले वाइड-बॉडी विमान खरोखरच गेटला उभे होते. सीटच्या हाताजवळ तीन-चार चित्रांची पट्टी असते: एक ताठ बसलेल्या माणसाची, एक रेललेल्या माणसाची आणि एक आडव्या माणसाची. आडव्या चित्रावर बोट दाबून ठेवावे लागते; एकदा दाबून सोडले तर अनेक सीट मधेच थांबतात. मामांनी बोट दाबून धरले, पाठ खाली जाऊ लागली, बैठक पुढे सरकली, पाय समोरच्या कप्प्यात शिरू लागले, आणि एकदम खर्रर्र असा आवाज आला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला मोबाइल फटीत घसरला होता.

मामा बटण उलटे दाबून सीट वर घ्यायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावे: फोन फटीत पडला तर सीट मुळीच हलवायची नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला तर त्यातली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. हाक मारण्याचे बटण दाबावे आणि कर्मचाऱ्यांना सांगावे. आलेल्या मुलीने मामांना हळूच उभे केले, सीटखाली टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत फोन काढून दिला. फोनच्या काचेवर एक चरा आला होता, बाकी सगळे ठीक होते. तेव्हापासून मामा विमानात शिरताच फोन समोरच्या कप्प्यात ठेवतात आणि कप्प्याचे झाकण दोनदा तपासतात.

झोपायचेच असेल, तर चढल्याबरोबर कर्मचाऱ्यांना सांगावे की जेवण आधी द्या किंवा देऊच नका, पण उठवू नका. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा. खाली बांधला तर हवा खराब झाल्यावर तो लावला आहे की नाही हे पाहण्यासाठी उठवावेच लागते. सपाट झाल्यावर सीटचे जोड पाठीला टोचतात, विशेषतः कमरेपाशी, आणि देशांतर्गत फेरीत गादीची अपेक्षा करू नये. मामींनी दिलेली पातळ गोधडी आम्ही घडी करून कमरेखाली घातली. बाजूच्या सूटवाल्या गृहस्थांनी एकदा पाहिले, मग त्यांनी आपले जाकीट घडी करून तेच केले. पाय कप्प्यात अडखळत असतील तर कुशीवर वळून गुडघे वाकवावेत. सीट हालेनाशी झाली तर ओढाताण करू नये. कर्मचारी तिची वीज बंद-चालू करून पाहतात, आणि तेही जमले नाही तर हाताने सरळ करण्याची कळ त्यांना ठाऊक असते. मद्याची वाट पाहू नये. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत ते कोणत्याच वर्गात देत नाहीत.

उतरण्याच्या अर्धा तास आधीचा गजर आपणच लावावा. गाढ झोपेतून उठून एकदम ताठ बसणे कमरेला मानवत नाही, म्हणून सीट टप्प्याटप्प्याने वर घ्यावी.

परतताना

गोव्याच्या प्रवाशाला एक जास्तीची काळजी असते, ती म्हणजे विमानतळाची. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली आणि दाबोळीही चालू राहिले, त्यामुळे परतीचे स्वस्त किंवा सोयीचे विमान शोधताना जाणे मोपावरून आणि येणे दाबोळीला, असे सहज होऊन जाते. तिकिटावर दाबोळीचा संकेत जीओआय असतो आणि मोपाचा जीओएक्स. शहराच्या नावापुढे दोन्हीकडे गोवाच लिहिलेले असते. दोन्ही विमानतळांमधला रस्ता दीड-दोन तासांचा आहे. गाडी मोपाच्या वाहनतळावर उभी असेल आणि आपण वास्कोला उतरलो, तर विमानात मिळालेली सगळी विश्रांती त्या वाटेवरच संपते. मामांचे परतीचे तिकीट काढताना मी म्हणूनच रिक्लायनरचे, पण थेट मोपाला उतरणारे विमान घेतले. धारगळवरून वळून पंधरा-वीस मिनिटांत आम्ही घरी होतो, आणि मामी गादी घालूनच वाट पाहत होत्या.